माझ्या डावाखालची तळटीप

पुस्तक आलं त्या दिवसापासून हेंद्रेपाड्यात मला धड भाजी आणायला जाता येईना. आधी तळमजल्यावरच्या सुंदराबाईंनी अडवलं. त्यांनी जन्मात बुद्धिबळाचा पट जवळून पाहिलेला नाही, पण पदराने डोळे पुसत म्हणाल्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं हो कुंदाताई. मग कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. मग माझ्या जुन्या ऑफिसातल्या बायकांचे फोन. सगळ्यांचं तेच, काय प्रेम होतं हो तुमच्यावर कमळाकररावांचं! आणि मी पिशवी घट्ट धरून हसायचं. किती हसायचं माणसाने?

ही सगळी करणी एका तळटिपेची. आमच्या ह्यांनी चौऱ्याहत्तर साली बुद्धिबळावर एक पुस्तक लिहिलं होतं. अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात नोकरी आणि उरलेला सगळा जीव पटावर, असा माणूस. पुस्तकात सगळे स्वतः खेळलेले डाव. काही जिंकलेले, काही हरलेले, आणि खेळीखेळीवर तिरकस शेरे. शेवटचा डाव माझ्याशी होता आणि तो मी जिंकले होते. लग्नानंतर ह्यांनीच मला खेळ शिकवला. पुढे किती डाव खेळलो त्याला गणती नाही, पण मी जिंकले तो एवढा एकच. दुसरा कुणी असता तर गुपचूप गिळून टाकला असता. ह्यांनी पुस्तकात छापला, वर ठसठशीत लिहून: काळी मोहरी, कुंदा.

तसे हे हरायला फार वाईट होते. त्या दिवशी मी सुक्या बोंबलाची चटणी केली होती, त्यांच्या जिवाची आवडती. डाव सोडला, उठले, ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढे कितीतरी दिवस माझ्याशी नुसतं हूं आणि हां. मग एके दिवशी न बोलता वही काढून तो डाव लिहायला बसले. खाली शेवटी लिहिलं, काळ्याने डाव स्वच्छ जिंकला. ते वाक्य मला पाठ होतं. कुणी काही टोचून बोललं, ऑफिसात साहेबाने अपमान केला, की मी मनातल्या मनात ते म्हणायचे.

हे गेले. पुस्तक तर बाजारातून कधीच नाहीसं झालं होतं. माझ्या मुलाला, सम्यकला, उल्हासनगर कॅम्प तीनमधला मुकेश भेटला. शाळेची गाइडं आणि कॅलेंडरं छापणारा माणूस, पण त्याला जुनी मराठी पुस्तकं पुन्हा काढायची हौस आली होती. सम्यकने घरातली एकुलती एक प्रत त्याला नेऊन दिली. संपादनाला मुकेशने अमित नावाचा इंजिनियर मुलगा बसवला. तो स्वतः बुद्धिबळ खेळणारा. जुन्या पद्धतीने लिहिलेल्या खेळ्या नव्या पद्धतीत आणायच्या, कॉम्प्युटरवर तपासायच्या, चुका असतील त्या दुरुस्त करायच्या, असं त्याचं काम. मला तेव्हा बरंच वाटलं.

नवं पुस्तक हातात आलं तेव्हा मी आधी बऱ्याच गोष्टी गिळल्या. मुखपृष्ठावर कुठल्या तरी परदेशी संगमरवरी मोहऱ्यांचा फोटो. एक आकृती उलटी छापलेली. एका डावात ह्यांनी लिहिलं होतं की शेगडीवरचा चहा उतू गेला आणि त्याच घाईत माझा वजीरही गेला. ते काढून टाकलेलं. अनावश्यक मजकूर वगळला आहे, असं प्रस्तावनेत अमितने लिहिलं होतं. अरे, त्या अनावश्यक मजकुरातच तर माणूस होता! पण म्हटलं जाऊ दे, पोराने मेहनत घेतलीय.

मग शेवटचा डाव उघडला. ह्यांचा शेवटचा शेरा गायब. त्या जागी बारीक अक्षरात तळटीप: संगणकाच्या तपासणीनुसार या स्थितीत पांढऱ्याचा डाव जिंकलेला आहे. तरीही लेखकाने डाव सोडला. पत्नीला विजयाचा आनंद मिळावा यासाठी केलेला हा प्रेमळ त्याग असावा.

त्याग! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लगेच पट काढला, नव्या पुस्तकातून एकेक खेळी लावत गेले, आणि शेवटच्या खेळीला हात पटावरच थांबला. कारण पांढरा खरंच जिंकत होता. एक प्यादं जास्त, राजा सुरक्षित, सगळी मोहरी जागेवर. मी कशी जिंकले होते, ते मलाच सापडेना. मी हत्ती आत घुसवला होता असं आठवत होतं, पण पटावर हत्ती माझ्याच घरात बसलेला. इतक्या वर्षांच्या आठवणीचा काय भरवसा, ती आपल्याच बाजूने बोलणार. आणि ताट सारलं, भिंतीकडे तोंड केलं, त्याचं काय? हे कामगारांच्या नाटकांत काम करायचे, बक्षिसंसुद्धा मिळाली होती. म्हणजे तेही नाटक? माझा तो एक डाव, ज्याच्यावर मी इतकी वर्षं मान ताठ ठेवली, तो मला कुणी खाऊसारखा हातावर ठेवला होता? मला दुसरं काही नको होतं. तो डाव माझा होता की मला दिलेला होता, एवढंच कळायला हवं होतं.

ते कळायला जुनी प्रत हवी आणि ती मुकेशकडे. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला उतरून शेअर रिक्षा केली. मुकेशचं ऑफिस एका जीन्सच्या कारखान्याच्या माळ्यावर. खाली शिलाईची मशिनं अशी चालू होती की वर टेबल थरथरत होतं. मुकेश उठून उभा राहिला, आंटी आंटी म्हणत खुर्ची दिली, थंडा मागवला, आणि सांगायला लागला की त्याने ती टीप आपल्या आईला हिंदीत वाचून दाखवली तेव्हा ती रडली. मी म्हटलं, आधी माझं पुस्तक आण आणि त्या अमितला बोलव.

जुनं पुस्तक आलं. शेवटचं पान उघडलं आणि ह्यांचा पूर्ण शेरा वाचला. मला त्यातलं शेवटचं वाक्यच तेवढं आठवत होतं. त्याच्या आधी लिहिलं होतं, काळ्याचा हत्ती सातव्या ओळीत उतरला आणि माझ्या राजाला पळायला जागा उरली नाही.

सातवी ओळ. मी कपाळावर हात मारला. जुन्या पद्धतीत प्रत्येक खेळाडू आपापल्या बाजूने ओळी मोजतो. माझी सातवी ओळ म्हणजे पांढऱ्याच्या थेट स्वयंपाकघरात. नव्या पद्धतीत सगळं पांढऱ्याच्या बाजूने मोजतात, म्हणून काळ्याची प्रत्येक खेळी उलटी करून लिहावी लागते, सातचे दोन करावे लागतात. अमितने पुस्तकभर केलं होतं. नेमकी ही शेवटची खेळी राहिली. साताचे सातच राहिले आणि शत्रूच्या घरात घुसलेला माझा हत्ती नव्या पुस्तकात माझ्याच दारात राखणीला बसला. पुढे खेळीच नव्हती, त्यामुळे गाडी कुठे अडली नाही.

अमित आला. बिचारा चांगल्या घरचा, आल्याआल्या वाकून नमस्कार केला. मी जुनं पान पुढे केलं. त्याने वाचलं, कॉम्प्युटरवर हत्ती उचलून योग्य घरात ठेवला, आणि कोण जिंकतंय ते दाखवणारा आकडा तिथल्या तिथे फिरला. काळा जिंकतोय. पांढऱ्याला काहीही केलं तरी सुटका नाही. खरं सांगते, त्या माळ्यावर, त्या मशिनांच्या खडखडाटात मला रडू आलं. माझा डाव माझाच होता.

पण मग मी अमितला विचारलं, हा शेरा का काढलास? म्हणाला, पटावरच्या स्थितीशी जुळेना, मला वाटलं सर तुम्हाला मोठेपणा द्यायला तसं लिहितायत. मी म्हटलं, ह्यांनी हरलेले आणखी डाव आहेत पुस्तकात, तिथे जुळलं नाही तेव्हा काय केलंस? म्हणाला, तिथे परत तपासलं, माझ्याच चुका निघाल्या, त्या सुधारल्या.

"मग माझ्या डावाला परत का नाही तपासलंस?"

 कान लाल झाले त्याचे. उत्तर त्यालाही कळलं आणि मलाही.

आता वाटलं, झालं, संपलं. चूक कळली, दुरुस्तीची चिठ्ठी छापतील, पुस्तकात चिकटवतील. कसलं काय! मुकेशने हात जोडले.

"आंटी, गलती तो हुई, मानतो मी. पण लोकांना तीच गोष्ट आवडलीय. पेपरात पुस्तकाबद्दल आलं ते सगळं त्या टिपेवरच आलं. पुढच्या आवृत्तीत काढतो ना, प्रॉमिस."

पुढची आवृत्ती निघायच्या आधी ही संपायला हवी, आणि ही संपणार ती त्या टिपेच्याच जोरावर. म्हणजे माझा पराभव खपला की मग माझा विजय छापणार. आणि वर त्याने अंबरनाथला कार्यक्रम ठरवलेला, मी तिथे बसून पुस्तकांवर सह्या करायच्या. घरी येऊन सम्यकला सांगितलं, तर तो म्हणतो, "आई, राहू दे ना. बाबांबद्दल चांगलंच लिहिलंय." माझ्याबद्दल काय लिहिलंय ते माझ्या पोटच्या पोरालाही दिसलं नाही. डोकं आपटावं तर भिंतही स्वतःचीच.

कार्यक्रमाला गेले. एका शाळेचा हॉल, स्टेजवर ह्यांच्या फोटोला हार. वक्ते आले, ते मूळ डाव सोडून संसारावर बोलले. हरण्यात जिंकणं असतं वगैरे. शेवटी मला दोन शब्द बोला म्हणाले. मी माइक घेतला आणि सरळ सांगितलं, टीप चुकीची आहे, तो डाव मी जिंकले होते. आख्खा हॉल हसला. टाळ्या वाजवल्या! पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, अजून कशी लाडात भांडतायत बघ. मी अमितकडे पाहिलं, तो मान खाली घालून बसलेला. मी खाली उतरले आणि सह्यांच्या टेबलावर जाऊन पेन मागून घेतलं.

पहिलं पुस्तक आलं. मी शेवटचं पान उघडलं, टिपेवर आडव्या दोन रेघा मारल्या, हत्तीची खेळी दुरुस्त केली आणि खाली लिहिलं, हा डाव मी जिंकले, कुंदा. पुढचं घेतलं, तेच. पुस्तकं घेऊन रांगेत उभे असलेले लोक चुळबुळायला लागले. एकाने तर विचारलं, आजी, नवीन पुस्तक आहे, असं खराब का करताय. मी म्हटलं, खराब होऊनच आलंय. मुकेश लांबून बघत होता, पण अडवायला आला नाही.

मग एक मुलगी आली, जिज्ञासा नावाची. हातात साखरपुड्याची अंगठी. मी पान उघडल्याबरोबर तिने पुस्तकावर हात ठेवला.

"ते नका ना खोडू, आजी. त्या ओळीसाठीच घेतलंय मी. त्याला द्यायचंय."

तो खेळतो का विचारलं. म्हणाली हो, मला मात्र येत नाही. मी तिला हत्तीचं सगळं समजावलं, जुनी पद्धत, नवी पद्धत, सात आणि दोन. ती मान डोलवत राहिली, पण हात काही काढेना. शेवटी हिरमुसून म्हणाली, म्हणजे त्यांनी तुमच्यासाठी काहीच सोडलं नव्हतं?

आता हिला काय सांगू? हा तिचा होणारा नवरा उद्या तिला खेळ शिकवील, मग एखाद्या संध्याकाळी मुद्दाम हरेल, ही टाळ्या पिटेल, आणि दोघांना वाटेल की हेच प्रेम. माझ्या डोळ्यांसमोर ते ताट आलं. ती बोंबलाची चटणी, तशीच वाळून गेलेली, आणि भिंतीकडे वळलेली ती पाठ. इतके दिवस लोक माझ्याकडून प्रेमाची गोष्ट मागत होते आणि मी चिडून नाही नाही म्हणत होते. गोष्ट होती की माझ्याकडे.

"हरले तेव्हा जेवले नव्हते ते," मी म्हटलं. "किती दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मुद्दाम हरलेला माणूस उपाशी झोपत नाही, बाळा. तू खेळ शीक आणि तुझ्या त्या माणसाला हरव. हरल्यावर त्याला नीट जेवण गेलं, तर लग्नाचा परत विचार कर."

 जिज्ञासाने हात बाजूला घेतला. मी टिपेवर दोन रेघा मारल्या, हत्ती त्याच्या घरात नेऊन ठेवला आणि खाली नाव लिहिलं.