बर्फाची पिशवी

गोऱ्या आयांच्या रडण्याचा ओडेसा टॉलिव्हरला मनस्वी कंटाळा आला होता. काळी मुलं दत्तक घेणाऱ्या गोऱ्या घरांना चार गोष्टी सांगायच्या, हे तिचं काम. ती स्वतः काळी, त्यामुळे तिच्यासमोर डोळे पुसले की झालं, असं बऱ्याच जणींना वाटायचं. आज कारिन लिंडक्विस्टची पाळी होती.

"माझ्या हॉटडिशला कुणी चमचासुद्धा लावला नाही हो! पहाटे उठून खिमा-बटाटा भाजला होता मी."

कारिनच्या दत्तक लेकीला, जोएलला, आपली माणसं भेटावीत म्हणून ओडेसानेच दोघींना आपल्या चर्चमध्ये बोलावलं होतं. प्रार्थनेनंतर तळघरात जेवण असतं. कारिनने आपलं भांडं टेबलाच्या मधोमध मांडलं आणि वाढायला उभी राहिली. कुणी फिरकेना, तेव्हा भांडं आणि पोर उचलून ती घरी निघून गेली.

"जोएलचं जेवण झालं होतं?"

"नाही. चर्चमधल्या त्या वयस्कर मदर जिनिव्हांच्या शेजारी बसली होती, उठतच नव्हती. पण मला तिथं फार परकं वाटलं. पुन्हा नाही जमायचं."

ओडेसाचं डोकं सणकलं. त्या पोरीच्या अख्ख्या शाळेत दुसरं काळं मूल नव्हतं. हे एक दार उघडलं होतं, तेही ही बाई एका भांड्यापायी लावून घेत होती.

"कारिन, राग आला तर येऊ दे. एका रविवारी तुला परकं वाटलं, तर तू भांडं उचलून घर गाठलंस. जोएलला रोज शाळेत तसंच वाटतं. तिनं कुठलं भांडं उचलावं?"

ओडेसाने सवयीने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. कारिनने तो बाजूला केला.

"मग मी काय न्यायचं?"

"बर्फ."

"बर्फ?"

"आणि कागदी ताटल्या. आमच्यात नवं माणूस बर्फ आणतं. माझ्या नणंदांनी मला कित्येक वर्षं बटाट्याच्या सॅलडला हात लावू दिला नव्हता! तू पहिल्याच दिवशी वाढपीण झालीस. सगळीकडे देणारी म्हणूनच जायची सवय आहे तुला. लोक जोएलला 'नशीब काढलंस गं' म्हणतात, तेव्हा तू काय करतेस?"

कारिनचे कान लाल झाले. "हसते," ती म्हणाली.

"उपकारांचं ओझं असं बसतं पोरीच्या मानेवर. आणि तू हसतेस."

कारिन परत येणार नाही, असं ओडेसाने मनाशी धरलं होतं. पण पुढच्या रविवारी ती बर्फाची पिशवी कवटाळून तळघराच्या पायऱ्या उतरली. मग अख्खा हिवाळा ती येतच राहिली.

"बाहेर गुडघाभर साचलाय आणि ही शहाणी विकत आणते!" मदर जिनिव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या. सगळ्या हसायच्या, कारिनही हसायची. खुर्च्या लावायची, टेबलं पुसायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायची. आत ये असं कुणी म्हणत नव्हतं.

ईस्टर आला. जेवणं उरकत आली होती. मदर जिनिव्हांनी एक ताटली कागदात गुंडाळून जोएलच्या हाती दिली.

"उद्या शाळेत खा. वाटू नकोस कुणाला." मग दाराकडे वळून ओरडल्या, "ए कारिन! खांबासारखी काय उभी? भांडी तुंबलीत इकडं. बाह्या वर कर!"

कारिन धावतच आत गेली. मोरीपाशी उभ्या असलेल्या ओडेसाकडे तिने पाहिलं. डोळे भरलेले, पण तोंडभर हसू. "ऐकलंत? मला ओरडल्या!"

"ऐकलं. घास आता."

तेवढ्यात जोएल दारात आली. ताटली पोटाशी धरलेली, तोंड वाकडं.

"आई, चल ना गं घरी! कंटाळा आला. दर वेळी मेलं तुझं आवरतच नाही!"

चर्चमधलं प्रत्येक पोर दर रविवारी आपल्या आईपाशी अशीच भुणभुण लावायचं. लहानपणी ओडेसानेही लावली होती. तिचे हात फेसात तसेच थांबले. एवढ्या वर्षांत मिळालेल्या सगळ्या फुलांच्या गुच्छांनी आणि आभाराच्या भाषणांनी जे दिलं नव्हतं, ते त्या वाकड्या तोंडानं दिलं. देवा, तुझे उपकार, ती मनात म्हणाली.

"थांब जरा," कारिन म्हणाली. "कढया राहिल्यात."

जोएलने पाय आपटले आणि इतर कंटाळलेल्या पोरांमध्ये जाऊन बसली.