थोरल्याच्या गाठी, धाकट्याचा डोळा

थोरल्याचं पोट दुखायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली, तर स्वादुपिंडात पाण्याच्या गाठी निघाल्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या सहा. स्वादुपिंड जठराच्या मागं दडून बसलेलं असतं. बावन्न वर्षांत थोरल्याची त्याच्याशी ओळखच झालेली नव्हती.

"कॅन्सर आहे का हो?"

"तसं दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अशा गाठी कधी कधी एकट्या येत नाहीत. घरात कुणाला मूत्रपिंडाचा, मेंदूचा, डोळ्याचा आजार?"

"धाकट्या भावाचा डावा डोळा गेलाय. पण तो आजार नाही बाई, तो मी घालवलाय."

दोघं भाऊ गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचे. वेल्डिंगचा रॉड टेकवण्याआधी "डोळे!" म्हणून ओरडायचं, म्हणजे शेजारचा मान फिरवतो, हा दुकानाचा नियम. वीस वर्षांपूर्वी एकदा थोरला ओरडायला विसरला. महिन्याभरात धाकट्याचा डोळा अधू झाला, मग गेलाच. तेव्हापासून धाकट्यानं जड उचललं नाही, उन्हात उभा राहिला नाही, आणि वाद झाला की एकच बोलायचा, "डोळा दे परत, मग बोल."

बाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "वेल्डिंगच्या झोतानं डोळा दोन दिवस चुरचुरतो, असा महिन्यानं जात नाही. एक जन्मजात दोष असतो, घराण्यात चालतो. कुणाच्या स्वादुपिंडात गाठी, कुणाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचा गुंता. खात्री रक्त तपासून होईल. पण भावाचा चांगला डोळा याच आठवड्यात दाखवा. उशीर केलात तर तोही जाईल."

थोरल्यानं शेवटची दोन वाक्यं ऐकलीच नाहीत. "म्हणजे मी नाही घालवला?" म्हणत त्यानं बाईंचा हात धरून गदागदा हलवला. पोटात सहा गाठी घेऊन इतका खूश झालेला पेशंट बाईंनी पाहिला नव्हता. त्यांनी त्याला खाली बसवलं आणि ती दोन वाक्यं पुन्हा म्हणून दाखवली. मग त्याचा चेहरा उतरला.

दुकानात येऊन त्यानं सगळं सांगितलं. धाकटा ऐकून भडकला.

"वा रे वा! दुखणं तुझ्या पोटात आणि डोळा माझा तपासायचा? वीस वर्षांनी अंग काढून घ्यायला हेच सुचलं का तुला?"

"अरे गाढवा, दुसराही जाईल!"

"जाणार नाही. मला चांगलं दिसतंय. तुझी लबाडी तर फारच स्वच्छ दिसतेय."

दोन दिवस थोरल्यानं समजावलं, शिव्या दिल्या, बायकोला मध्ये घातलं. धाकटा ढिम्म. डोळा तपासायचा म्हणजे वीस वर्षांचं हक्काचं भांडण सोडायचं, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं.

तिसऱ्या दिवशी थोरला त्याच्यासमोर येऊन बसला. जे बोलायचं होतं, तितकी जड वस्तू त्यानं उभ्या आयुष्यात उचलली नव्हती.

"डॉक्टरीण चुकली. डोळा मीच घालवला. मी ओरडलो नव्हतो."

"पुन्हा बोल. वहिनीसमोर बोल." थोरल्यानं बायकोला हाक मारली.

"मीच घालवला. ऐकलंस ना गं? आता तू ऊठ रे. निदान उरलेला तरी माझ्यामुळं तपासला जाऊ दे."

धाकटा उठला. जिंकलेला माणूस कुठंही यायला तयार असतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, भिंग लावून बराच वेळ पाहिलं. उजव्या पडद्यावर गुंता होता, मोहरीएवढा. "वेळेवर आलात. लेझरनं आजच जाळून टाकू. डावाही असाच गेला असणार, झोतानं नाही."

धाकट्यानं मान वळवली. थोरला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मन लावून वाचत होता.

लेझर झालं. थेंबांनी सगळं धूसर दिसत होतं, म्हणून थोरला त्याचा दंड धरून जिना उतरवत होता.

"तुला ठाऊक होतं," धाकटा म्हणाला.

"होतं."

"तरी वहिनीसमोर कबूल झालास?"

"नाहीतर आला असतास का तू?"

धाकटा चार पायऱ्या उतरला. मग एकदम दरडावून म्हणाला, "तुझी मूत्रपिंडं आणि डोकं कधी तपासायचंय?"

"सोमवारी. पण डोक्याचं बघू नंतर, मला काही..."

"बघू नाही! दोन्ही सोमवारीच. मी येतोय सोबत. तुला एकट्याला सोडलं तर पळून येशील."

"तुला धड पायरी दिसत नाहीये."

"सोमवारपर्यंत दिसेल," धाकटा म्हणाला, आणि पायरी चुकून थोरल्याच्या अंगावर कोसळला.