तुरोनींच्या वेशीवर

सीझरने जिंकलेल्या तुरोनी टोळीच्या मुलखातल्या ह्या गावाचं नाव होतं सीझरोडुनम, म्हणजे सीझरची टेकडी. गावात टेकडी नव्हती, आणि सीझरने इथे मुक्काम केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तरी तीनशे वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नाही. मग उत्तरेकडच्या टोळ्यांनी गाव लुटून जाळलं, आणि उरल्यासुरल्या भागाभोवती तट बांधायचा ठराव नगरसभेने केला. त्याच बैठकीत नावही बदललं.

"हल्ली बादशहा वर्षभरसुद्धा टिकत नाही," सभेचे प्रमुख युलियस कारान्तिलस पाथरवट कोब्नेर्टसला म्हणाले. "प्रत्येकाचं नाव तूच कोरलंस आणि तूच खरवडलंस. त्यापेक्षा वाडवडिलांचं नाव बरं. वेशीवर कोर, तुरोनींचं नगर. शेवटी आपण सगळे तुरोनीच की."

कारान्तिलसांच्याच घराण्याने सीझरला तुरोनींच्या वाटा दाखवल्या होत्या, आणि बक्षीस मिळालेलं 'युलियस' हे नाव पिढ्यान्‌पिढ्या मिरवलं होतं. सभेत तुरोनी भाषेत बोलला म्हणून कोब्नेर्टसच्या आज्याला ह्यांच्याच आजोबांनी हाकलून लावलं होतं.

"मालकांना तुरोनी येतं?" त्याने विचारलं.

"नोकर डुकरांशी बोलतात ना, कानावर पडतं."

खाणीतून दगड आणायला सवड नव्हती. म्हणून रस्त्याकडेच्या कबरींवरचे दगड उपटून गाडीमागून गाडी येत होती. त्या कबरींच्या चौथ्या रांगेत कोब्नेर्टसच्या बायकोचा, बानोनाचा, दगड होता. हातात सूत कातायची चाती घेतलेली बानोना त्याने स्वतः कोरली होती. नाक जरा मोठं आलं होतं. ती हयात असती तर त्यावर आठवडाभर बोलली असती.

"एक मागणं आहे, मालक. बायकोचा दगड तेवढा ठेवा."

"ठेवला. माझा शब्द. आधी वेशीचं काम उरक."

"तुमच्या वडिलांची कबर संगमरवरी आहे. ती निघणार का?"

"ती कशी निघेल? तो गावाचा इतिहास आहे."

कोब्नेर्टसने नऊ दिवस अक्षरं कोरली, त्यांत तांबडा रंग भरला आणि तसाच कबरस्तानात गेला. चौथी रांग नव्हतीच. बानोनाच्या जागी नुसता खड्डा, आणि खड्ड्यात तिच्या राखेचं आणि अस्थींचं मडकं. झाकण फुटलेलं. आत पावसाचं पाणी, आणि मजुरांनी चोखून टाकलेली कोंबडीची हाडं. पलीकडे संगमरवरी कबरीवर ताजे हार होते.

"मोठ्या नाकाची ना? तटाच्या पायात घातली, तोंड आतल्या बाजूला," मुकादम म्हणाला. "तू कोरायला बसलास त्याच दुपारी. फार चांगली बसली हो. जरासुद्धा तासावी लागली नाही."

कोब्नेर्टसने मडकं उचललं, छातीशी धरलं आणि घरी निघाला. वेशीत पहारेकऱ्याने अडवलं.

"काय आहे त्यात?"

"बायको."

"मेलेलं माणूस शहरात आणायचं नाही. कायदा आहे."

नव्या वेशीच्या समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताला कारान्तिलस तिथेच उभे होते. त्यांनी मडक्यात डोकावलं आणि नाकाला रुमाल लावला.

"कायदा तो कायदा, कोब्नेर्टस."

"मग ह्या तटात कोण आहे, मालक?"

"दगड. तू आत ये, पंगत बसतेय. आज आपल्या तुरोनींचा दिवस. ते मात्र बाहेर ठेव."

कोब्नेर्टस आत गेला नाही. वेशीच्या ऐन तोंडाशी त्याने बसकण मारली, मडक्यातलं पाणी अलगद ओतून दिलं आणि बोटांनी हाडं निवडू लागला. कोंबडीची ओळखू येत होती, ती तो उंबरठ्यावर ओळीने मांडत गेला. काही तुकड्यांपाशी हात थांबायचा. मग ते तो परत आत ठेवायचा. झगे सावरत पाहुणे ओलांडून जात होते. एका बाईने तोंड फिरवलं.

"हे काय ओंगळ चालवलंयस?" कारान्तिलस दबक्या आवाजात म्हणाले.

"निवडतोय. मजुरांचं तुमच्याकडे, माझं माझ्याकडे."

निवडून झाल्यावर त्याने मडक्याच्या तोंडाला आपला कामाचा फडका बांधला आणि नदीपल्याड बहिणीच्या वस्तीकडे निघाला. तिथले लोक अजून तुरोनी बोलत. त्यांना तटाच्या आत घ्यायचं नाही, असं नगरसभेने ठरवलं होतं.