एकशेवीस-ऐंशी

"आजार लपवला, असं लिहिलंय तुम्ही," काटेवाला म्हणाला. "कुणी लपवला?"

साहेबानं मान वर केली नाही. टेबलावर काच होती आणि काचेखाली कंपनीच्या जाहिरातीतलं एक हसरं कुटुंब दाबून ठेवलेलं होतं. आई, बाप, दोन मुलं, सगळ्यांचे दात शाबूत. साहेबाचं बोट त्या कुटुंबावरून सरकत पत्राच्या चौथ्या ओळीवर येऊन थांबलं.

"विमाधारकानं."

"म्हणजे माझ्या बायकोनं."

"टेक्निकली, हो."

काटेवाला तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत आणि दुरुस्त करत हिंडत होता. त्याचं नाव एकाही दुकानदाराला ठाऊक नव्हतं, त्यानं कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. पारड्याखाली लोहचुंबक चिकटवणारे दुकानदार त्यानं ढिगानं पाहिले होते. पण चुंबक हाती लागला की ते निदान नजर खाली घालायचे. हा गडी 'टेक्निकली' म्हणून मोकळा झाला आणि वर चहा ढवळायला लागला.

शेजारच्या खुर्चीवर मेहुणा बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ, आणि याच कंपनीचा एजंट. पॉलिसी त्यानंच आग्रह करकरून बहिणीच्या गळ्यात मारली होती. आज तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि साहेब बोलला की, काही कळो न कळो, मान हलवत होता.

बायको जाऊन चार महिने झाले होते. एका सकाळी ती ओट्यापाशी उभ्या उभ्या कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. अकरा दिवस ती दवाखान्यात होती, त्यातले दहा शुद्धीवर नव्हती. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, रक्तदाब, बहुधा बऱ्याच वर्षांचा. कंपनीनं पानभर मजकुरातून तेवढीच ओळ उचलली. बऱ्याच वर्षांचा आहे, म्हणजे पॉलिसी घेतानाही असणार. असणार, म्हणजे तिला ठाऊक असणार. ठाऊक असून सांगितला नाही, म्हणजे लपवला. दवाखान्याच्या खर्चाचा दावा नामंजूर.

काटेवाल्यानं पिशवीतून तीन कागद काढून काचेवर ओळीनं मांडले.

"हे काय आहे, साहेब?"

"आमच्या मोफत आरोग्य तपासणी शिबिराचे रिपोर्ट."

"कुणाचे?"

"तुमच्या मिसेसचे."

"वाचा."

"काका, मी पाहिलेत—"

"मोठ्यानं वाचा. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा त्याच्या नाकावरच होता. साहेबानं तो पाहिला आणि वाचायला घेतलं. "रक्तदाब एकशेवीस-ऐंशी. नाडी बहात्तर. वजन साठ. प्रकृती सामान्य."

"पुढचं वर्ष."

"एकशेवीस-ऐंशी. बहात्तर. साठ."

"त्या वर्षी ती टायफॉइडनं आठ किलो उतरली होती. कपडे अंगावर राहत नव्हते. तुमच्याकडे मात्र साठच. आता तिसरा."

साहेबानं तिसरा वाचला नाही. वाचायची गरजही नव्हती.

"तीस वर्षं मोजायचंच काम करतोय मी," काटेवाला म्हणाला. "खरं मोजलं ना, की आकडा कधी असा गुळगुळीत येत नाही. सलग तीन वर्षं तर नाहीच नाही. तिच्या अंगाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता."

पण हे कागद तीन वर्षं त्याच्याच घरात होते. बायकोचं सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं. ती कपाळाला फडकं आवळून कामाला लागायची. तो म्हणायचा, डॉक्टरला दाखवून ये. तेव्हा ती कपाटातून कागद आणून त्याच्यापुढे नाचवायची. "कंपनीनं लिहून दिलंय, मी ठणठणीत आहे. तुमचं तुम्ही बघा!" आणि तो हसायचा. गावभरच्या काट्यांवर संशय घेणारा हा शहाणा माणूस! दोन ग्रॅमच्या फरकासाठी दुकानदारांशी हुज्जत घालणारा! त्यानं तीन वर्षांत एकदाही त्यातले दोन कागद शेजारी शेजारी धरून पाहिले नाहीत. साहेबाची त्याला चीड होती, मेहुण्याची किळस होती. पण ज्याच्या तोंडावर थुंकावं असं वाटत होतं, तो माणूस रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटायचा.

साहेबानं चहाचा कप बाजूला सरकवला आणि आवाज मऊ केला.

"काका, तुम्हाला म्हणून सांगतो. शिबिर म्हणजे एक जनजागृती असते. दिवसाला दोनशे माणसं येतात. प्रत्येकाच्या दंडाला कुठे रक्तदाबाचा पट्टा बांधत बसणार? त्या रिपोर्टला काय एवढं धरून बसायचं नसतं."

"तिनं धरलं होतं."

मेहुणा मध्येच म्हणाला, "साहेब, ते तडजोडीचं..."

"हां." साहेबानं ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. "वरिष्ठांशी बोललोय मी. यावर सही करा, दवाखान्याचं सगळं बिल मंजूर करून देतो. पंधरा दिवसांत."

काटेवाल्यानं कागद वाचला. 'माझ्या पत्नीकडून रक्तदाबाची माहिती देण्याचे नजरचुकीने राहून गेले. याबाबत कंपनीचा कोणताही दोष नाही.'

"'लपवला' काढलंय बघा," मेहुणा घाईघाईनं म्हणाला. "नजरचुकीनं, असं घातलंय. केवढा फरक पडला!"

"कुणाची नजरचूक?"

"भावोजी, आता शब्दाचं काय घेऊन बसलात? ताई गेली. ती थोडीच वाचायला येणारे?"

"तुझी सख्खी बहीण होती रे ती."

"म्हणूनच म्हणतो ना! आणि हे प्रकरण वर गेलं तर माझी एजन्सी जाईल. पोराबाळांचा धनी आहे मी."

"असं सरळ सांग की मग. उगीच ताई-ताई करू नकोस."

मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. काटेवाल्यानं पेन घेतलं आणि जिथं सही करायची होती तिथं, मोजमापाच्या वहीत लिहायचा तशा सुट्या अक्षरांत लिहिलं, 'तिला ठाऊक नव्हते. तुम्ही तपासले नाही.' खाली तारीख घातली आणि कागद परत सरकवला.

साहेबानं वाचलं. "अहो, याला काही अर्थ नाही. पैसे अडकतील."

"अडकू देत."

"बघा, तुमची मर्जी." साहेबानं फाइल मिटली. लगेच, जणू काही झालंच नाही अशा सुरात, तो म्हणाला, "आणि तुमची स्वतःची पॉलिसी या महिन्यात संपतेय. खाली हॉलमध्ये शिबिर चालूच आहे. तपासणी उरकून टाका. पाच मिनिटांचं काम."

खाली हॉलमध्ये पंखा गरगरत होता आणि तीसेक माणसं रांगेत उभी होती. टेबलामागे एक दमलेली नर्स बसली होती. तिच्यापुढे कागदांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक कागदावर आकडे आधीच लिहून तयार होते. नावाची जागा तेवढी कोरी होती. पट्ट्याचं यंत्र खोक्यात होतं आणि खोक्यावर तिचा डबा ठेवलेला होता.

काटेवाल्याचा नंबर आला.

"नाव?"

"आधी मोजा."

"काका, रांग बघा ना केवढी आहे."

"बघितली. मोजा."

"त्यातले सेल गेलेत हो. मागवलेत."

काटेवाल्यानं पिशवीतून काट्यांसाठी लागणारे चार सेल काढले, खोक्यावरचा डबा अलगद उचलून बाजूला ठेवला, यंत्रात सेल घातले आणि बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, इथंच मुक्काम करताय का? आटपा की!" दोघंतिघं हसले.

नर्सनं पट्टा बांधला. यंत्र घरघरलं, फुगलं, सैल झालं. आकडा पाहून तिनं पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तेच. ती हळूच म्हणाली, "काका, एकशे सदुसष्ट आणि एकशे तीन आहे. गोळी घेता का कसली?"

"नाही."

"आजच डॉक्टर गाठा. हसण्यावारी नेऊ नका." मग तिनं इकडेतिकडे पाहिलं. "पण हे इथं लिहिलं ना, तर कंपनी पॉलिसी नाकारेल. नाहीतर रक्तदाब आणि त्यातून जे होईल ते सोडून बाकीचं धरेल. आणि ते काय कामाचं?"

मेहुणा मागोमाग आलाच होता. तो कानाशी लागला. "भावोजी, ऐका माझं. कागदावर एकशेवीस-ऐंशी राहू दे. औषध बाहेरून गुपचूप चालू करा. सगळे असंच करतात."

"सगळे करतात ते मी वर बघून आलोय," काटेवाला म्हणाला. नर्सकडे वळून त्यानं गठ्ठ्यावरचा कागद पुढे ओढला. "हे खोडा. जे आलं ते लिहा, आणि खाली तुमची सही करा."

"काका, विमा जाईल तुमचा."

"जाऊ दे. लिहा."

तिनं नाव विचारून घातलं, छापल्यासारखे ते आकडे खोडले, वर खरे लिहिले आणि सही केली. काटेवाल्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि तो बाजूला झाला.

पुढचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, "माझं टाका हो एकशेवीस-ऐंशी, मला ड्यूटी आहे." कागद घेऊन तो गेलासुद्धा. त्याच्या मागचाही तसाच गेला. मेहुणा म्हणाला, "बघितलंत? चला आता." काटेवाला हलला नाही.

मग एक पन्नाशीची बाई पुढे आली. नर्सनं तयार कागदावर नाव घालायला पेन टेकवलं. बाईनं एकदा गठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीपाशी उभ्या असलेल्या या परक्या माणसाकडे. तिनं हातातली पिशवी खाली पायाशी ठेवली आणि बाही वर सारली. मागची माणसं कुरकुरली. नर्सनं पेन खाली ठेवलं आणि पट्टा उचलला.

यंत्र घरघरायला लागलं. पट्टा फुगून सैल पडेपर्यंत काटेवाला तिथंच उभा राहिला.