पंगत उठवण्याची तालीम

भातकुली रस्त्यावरचं गोदाबाई मंगल कार्यालय पौर्णिमाने सासऱ्यांकडून हट्टाने चालवायला मागून घेतलं होतं. तिने भिंतींवर आग विझवायची लाल नळकांडी टांगली, बाहेर पडायचे बाण रंगवले आणि तेल पेटलं तर पाणी न टाकता गॅस बंद करून वर परात कशी झाकायची, हे आचाऱ्यांकडून घोकून घेतलं. सगळं जमलं आणि घोडं अडलं पंगतीपाशी.

अग्निशमन खात्यातून तपासणीला आलेले अद्वैतसाहेब पुण्याहून नुकतेच बदलून आलेले, नियमाचे पक्के. रिकाम्या हॉलमध्ये भोंगा वाजवून काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. भर जेवणावळीत भोंगा वाजला पाहिजे आणि चार मिनिटांत माणूस न माणूस बाहेर दिसला पाहिजे, तरच परवानगी. नाहीतर कार्यालयाला कुलूप. आता लग्नाच्या पंगतीत भरल्या ताटावरून उठणं हे आमच्या वऱ्हाडात कुणाच्या बापाने केलंय? पहिल्या तालमीला भोंगा वाजला तेव्हा लोकांनी एकदा वर पाहिलं आणि कढी मागितली. दुसऱ्या वेळी पौर्णिमाने माइकवरून विनवलं, की भटारखान्यात आग लागली आहे असं समजा आणि बाहेर चला. त्यावर एका आजोबांनी, तसं असेल तर बुंदी तेवढी आधी इकडे आणून ठेवा, असं सुचवलं.

सासरे खुशालराव तिच्यावरच चिडले. "मानूस जेवून राह्यला अन् त्याले उठ म्हनायचं? अशानं कोन येईन आपल्या दारात?"

तिसरी आणि शेवटची तालीम अकोटहून आलेल्या वऱ्हाडाच्या लग्नात होती. कुलूप लागलं की खुशालराव कार्यालयाचं पुन्हा कापसाचं गोदाम करणार आणि आपण पुन्हा घरात पोळ्या लाटणार, हे पौर्णिमाला स्वच्छ दिसत होतं.

पंगत बसली. साहेब घड्याळ घेऊन दारात उभे होते, पण आलेला माणूस उपाशी उभा राहतो हे खुशालरावांना कुठलं बघवायला. त्यांनी साहेबांना खांदे दाबून पाटावर बसवलं. साहेबांनी तिथूनच खूण केली, भोंगा कोकलला आणि नेहमीप्रमाणे कोणीही हललं नाही. तेवढ्यात एक आचारी धावत आला आणि पौर्णिमाच्या कानाशी लागला. भज्यांच्या कढईने खरंच पेट घेतला होता. गॅस बंद केला, परात झाकली, पण शेजारची कनात पेटली होती.

पौर्णिमाने धावत जाऊन साहेबांना सांगितलं की ही आग खरी आहे. साहेबांनी भटारखान्याच्या दारातून येणाऱ्या धुराकडे कौतुकाने पाहिलं. या वेळची तयारी फार हुबेहूब झाली असं ते म्हणाले, आणि बुंदी येतेय तर मिनिटभर थांबू, असंही म्हणाले.

एवढी माणसं, आणि एकालाही कसं उठवावं ते सुचेना. तेव्हा तिची नजर पहिल्या रांगेतल्या किसनरावांवर गेली. किसनराव म्हणजे नवरदेवाच्या आत्याचे यजमान, घराण्यातले थोरले जावई. त्यांचा रुसवा साऱ्या अकोला जिल्ह्यात नावाजलेला. एकदा फेटा दुसऱ्या नंबरला बांधला म्हणून ते एसटी स्टँडवर जाऊन बसले होते, आणि अर्धं वऱ्हाड त्यांना मनवायला तिथे गेलं होतं.

पौर्णिमाने वाढप्याच्या हातातली बादली हिसकावली. किसनरावांच्या डावीकडे बुंदी वाढली, उजवीकडे वाढली आणि त्यांचं ताट तसंच सोडलं.

"तुमी थांबा जरा, काकाजी," ती चांगली मोठ्याने म्हणाली. "आधी मानाच्या मानसाईले वाढू द्या."

किसनरावांनी शांतपणे ताटातच हात धुतला, टोपी नीट केली आणि ते उठले. त्यांच्यामागे नवरदेवाकडचे सगळे उठले. त्यांना मनवायला नवरीकडचे सगळे धावले, त्यांच्यामागे भटजी, बँडवाले, खुद्द नवरा-नवरी. अद्वैतसाहेबसुद्धा मुठीत बुंदी घेऊन निघाले, कारण असा रुसवा त्यांनी पुण्यात पाहिला नव्हता. चार मिनिटांच्या आत हॉलमध्ये चिटपाखरू उरलं नाही. मागे आचाऱ्यांनी लाल नळकांडी फोडून कनात विझवली. कुणाला साधा चटकाही बसला नाही.

बाहेर आल्यावर लोकांना धुराचा लोट दिसला आणि साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळं विझल्याची खात्री करून, धूर निघून गेल्यावर त्यांनी माणसं आत सोडली आणि एका स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून परवानगीवर सही केली. खाली एक अट घातली, की जेवणावळीच्या वेळी भोंग्यासोबत श्री. किसनराव कार्यालयात हजर असणे बंधनकारक राहील.

कागद घेऊन पौर्णिमा हरखून किसनरावांना शोधायला निघाली. ते फाटकाजवळ पाण्याच्या टँकरच्या सावलीत एकटेच बसले होते. आत पंगत पुन्हा रंगात आली होती. पौर्णिमाने अट वाचून दाखवली आणि हात जोडले. तुमच्यामुळे एवढी माणसं वाचली, म्हणाली.

"इतके लोक माह्या मागं आले," किसनराव फाटकाकडे बघत म्हणाले, "अन् सारे धूरच पाहून राह्यले. या दारात पाय नाई ठेवनार मी आता."

पौर्णिमाच्या हातातला कागद खाली आला. किसनरावांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

"आग विझवायले मानसं ठेवली तू. मले मनवायले कोन ठेवलं?"

तिला खरंच लाज वाटली. सकाळपासून तिने सगळ्यांचा जीव मोजला होता, आणि हा माणूस अर्ध्या जेवणावरून उठून बाहेर एकटा बसला होता. ती आत गेली, स्वतःच्या हाताने ताट वाढून आणलं, बुंदीवर बुंदी घातली.

"चुकलं माहं, काकाजी. दोन घास तरी घ्या."

"भूक नाई मले," किसनराव ताटाकडे न बघता म्हणाले.

पौर्णिमाने खुर्ची ओढली, पदर खोचला आणि पहिल्यापासून मनवायला सुरुवात केली.