गाळणीतली सतरा अंडी

कल्याणच्या एका भांड्यांच्या दुकानात सुमतीबाईंनी मला उजेडासमोर धरले, एक डोळा मिटून जाळी तपासली आणि "ही द्या," म्हणाल्या, त्याला आता एकोणीस वर्षे झाली. मित्रांनो, मी चहाची जुनी गाळणी आहे. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहते. जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन आणि जे ऐकले ते ऐकले म्हणून.

सोळा वर्षे मी रोज दोन वेळा चहा गाळला. पाहुणे आले की चार वेळा. चहा छान झाला, असे लोक सुमतीबाईंना म्हणत. माझ्या वाट्याला चोथा येई. चांगले ते खाली सोडायचे आणि टाकाऊ ते धरून ठेवायचे, हेच माझे काम होते. मग माझी कड एका बाजूने सुटली, पत्ती कपात उतरू लागली आणि घरात नवी गाळणी आली. मी ओट्याखालच्या खणात गेले. तिथे रबरबँड होते, मेणबत्त्यांचे तुकडे होते आणि कशाची ते कोणालाच आठवत नाही अशी झाकणे होती. खण पुरता बंद होत नसे. त्या फटीतून मला हॉलमधली काचेची टाकी दिसे.

टाकी सुमतीबाईंच्या नातीची, मैथिलीची. ती आठवीत आहे. टाकीत आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवरातले पिवळेधमक मासे होते. ते तिने ठाण्याला खोपटच्या देवरामांकडून आणले. देवराम एस.टी.तून निवृत्त झालेले मेकॅनिक. ते घरीच मासे वाढवतात. मासे आणताना शीळफाट्याला रिक्षा पाऊण तास अडकली. पिशवी मैथिलीच्या आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या मांडीवर होती. "यांना भूक लागली असेल गं," असे अण्णा तीनदा म्हणाले. हे मी ऐकलेले.

अण्णा तसेच आहेत. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तर ते बोटांच्या फटीतून वाढतात. हे मी पाहिलेले.

या माशांची एक रीत आहे. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. जवळजवळ तीन आठवडे ती तोंडातच सांभाळते. ती अंडी सतत घोळवत असते, त्यामुळे त्यांना ताजे पाणी मिळते आणि बुरशी धरत नाही. तेवढे दिवस ती काही खात नाही. मैथिलीच्या मादीने यापूर्वी दोनदा अंडी धरली होती आणि दोन्ही वेळा घाबरून गिळून टाकली होती. तिसऱ्यांदा धरली ती एका रविवारी. मंगळवारी टाकीतला एकुलता नर मेला. म्हणजे ही त्या जोडीची शेवटची अंडी होती. बुधवारी मैथिलीला गाइडच्या शिबिराला आठ दिवस जायचे होते. जाताना तिने काचेवर चिठ्ठी चिकटवली: 'मोठ्या मादीला कोणीही खायला घालू नये. तिला हात लावू नये.' 'कोणीही'खाली दोन रेघा होत्या.

शुक्रवारी दुपारी अण्णा टाकीसमोर उभे राहिले. त्यांच्या हातात वाटीत माशांच्या खाद्याचे भिजवलेले दाणे होते.

"अहो, पोरीने चिठ्ठी लावलीय," सुमतीबाई म्हणाल्या. "वाचता येतं ना?"

"वाचली. पण पाच दिवस झाले, सुमती. पोट बघ तिचं, आत गेलंय."

"माशाचं पोट तपासायला तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"एवढंसं देतो. नुसतं नावाला."

दाणे टाकले की बाकीचे मासे ते पळवत आणि मादी कोपऱ्यात मागे मागे सरे. म्हणून अण्णांनी तिला मासे पकडायच्या छोट्या जाळीत धरले. वेगळ्या पातेल्यात ठेवून निवांत भरवू, एवढाच त्यांचा विचार. जाळी पाण्यातून वर आली तशी तिने धडपड केली आणि तोंड उघडले. मोहरीहून मोठी, पिवळसर केशरी अशी सतरा अंडी जाळीत पडली.

अण्णांनी मादीला अलगद टाकीत सोडले आणि जाळी अंड्यांसकट पाण्यात धरली. "सुमती, देवरामांना फोन लाव," ते म्हणाले. "माझे हात ओले आहेत."

"तिच्यासमोर ठेवली तर परत घेईल का?" अण्णांनी विचारले.

"नाही घेणार," फोनमधून देवराम म्हणाले. "आता तिच्या तोंडाचं काम तुम्ही करा. चहाची गाळणी आहे का घरात, बारीक जाळीची?"

"आहे," सुमतीबाई म्हणाल्या. "पण मग चहा कशातून गाळू?" मग मी आठवले आणि त्यांनी खण ओढला.

"साबण लावू नका हं, अण्णा," देवराम म्हणाले. "अंश राहिला तर अंडी मरतील. नुसतं उकळत्या पाण्यातून काढा, तीनदा. साबण लावलात तर नंतर मला फोन करू नका."

अण्णांनी माझी सुटलेली कड पकडीने दाबून बसवली. मला तीनदा उकळून निवू दिले आणि कपड्यांच्या चिमट्यांनी टाकीच्या काठाला अर्धी बुडवून अडकवले. माझ्याखाली हवेचे बुडबुडे सोडणारा छोटा दगड ठेवला. अंडी माझ्यात उतरली आणि बुडबुड्यांवर हळूहळू घोळू लागली.

मित्रांनो, मी आयुष्यभर जे धरले ते फेकले गेले. जे माझ्यात उरले तेच हवे होते, असे त्या दिवशी पहिल्यांदा झाले.

शनिवारी चार अंडी पांढरी पडली. ती बुरशीची. अण्णांनी औषधाच्या ड्रॉपरने एकेक उचलून काढली. रविवारी संध्याकाळी एका अंड्याला बारीक शेपूट फुटली, मग दुसऱ्याला. सोमवारी दोन अंडी वाया गेली. उरली अकरा. पोटाला पिवळी पिशवी बांधल्यासारखे ते अकरा जीव माझ्या जाळीवर थरथरत पडून होते. त्यांचे अन्न त्या पिशवीतच होते. अण्णा खुर्ची ओढून समोर बसत, तासागणिक मोजत आणि हात मागे ठेवत.

बुधवारी मैथिली आली. तिने बूट काढण्याआधीच अण्णांनी सांगून टाकले. "माझ्यामुळे झालं. मी तिला जाळीत धरली."

"चिठ्ठी वाचली होती ना?"

"वाचली होती."

"मग?"

अण्णांनी समोरची खुर्ची बाजूला सरकवली. मैथिलीने वाकून माझ्यात पाहिले, मोजले आणि आत निघून गेली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली नाही. तिचे आईबाबा कामावरून आले की दोघांच्या मधून जपून वावरत.

शुक्रवारी शाळेला निघताना ती दारात थांबली. "अण्णा, मी साडेपाचला येणार. एखादं पिल्लू पांढरं पडलं तर ड्रॉपरने काढा. आधी हात धुवा, नुसत्या पाण्याने."

"धुतो."

"आणि दाणे नाहीत."

"नाहीत गं."

तेव्हापासून रोज शाळा सुटेपर्यंत टाकी अण्णांकडे असे. एकही पिल्लू गेले नाही. मादीने अंडी धरल्यापासून बाविसाव्या दिवशी पोटाच्या पिशव्या विरल्या आणि पिल्ले पोहू लागली. मैथिलीने शेजारची छोटी टाकी तयार केली होती. तिने मला त्यात उतरवून तिरके धरले. दहा पिल्ले भराभर बाहेर गेली. अकरावे आतच राहिले. अण्णांनी दाबून बसवलेल्या कडेच्या घडीत ते शिरले होते.

"याला जरा ढकलू का?" मैथिलीने विचारले.

अण्णांचा हात पुढे आला. मग त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. "नको. बसू दे त्याला."

सुमतीबाईंनी चहाला दोनदा हाक मारली आणि शेवटी कप तिथेच आणून दिले. मैथिलीचा हात अवघडला तेव्हा अण्णांनी माझा दांडा धरला, अजिबात न हलवता. वीस मिनिटांनी ते पिल्लू कडेपर्यंत आले, थांबले आणि गेले.

मित्रांनो, आता टाकीशेजारी माझ्यासाठी खिळा ठोकला आहे. मी तिथून सगळे पाहते. तुमच्या घरातही कधी कोणी तोंड मिटून बसेल, खाणार नाही, कोपऱ्यात सरेल. त्याला काय झाले आहे ते आधी नीट पाहा, जाणत्याला विचारा. कदाचित ते काही जपत असेल. लगेच हात घालू नका. जरा लांब बसा, पण उठून जाऊ नका.