व्यायामशाळेमागची भिंत

आमच्या क्लबात कुणी नवी लेन्स घेतली की तो ती घेऊन आधी भिंतीकडे जातो. बायकामुलं, फुलं, मांजर हे सगळं नंतर. आधी व्यायामशाळेमागची विटांची भिंत. विटा एकसारख्या, सांधे सरळ, त्यामुळे लेन्स कुठे धूसर दाखवते आणि कुठे रेघ वाकवते ते तिथे लगेच उघडं पडतं. आमच्या आपिंगेडाम गावातले लोक आता आम्हाला सरावलेत. पण एकदा एक आजी काळजीने विचारायला आली होती, की ही भिंत पाडणार आहेत का, कारण तीन माणसं सकाळपासून तिचेच फोटो काढतायत. आमच्या क्लबातल्या मेन्नोने तिला काचेच्या वक्रतेपासून समजावायला सुरुवात केली. ती बिचारी कुत्र्याला ओढत निघून गेली.

जमिनीखालचा गॅस उपसायला लागल्यापासून आमच्या भागात घरं हादरतात, भिंतींना तडे जातात, दारं चौकटीत अडकून बसतात. सरळ भिंत हीच आमच्याकडे बातमी. ही भिंत मात्र एका धक्क्यानंतर पायापासून नवी बांधलेली आहे, आणि म्हणूनच वुब्बोच्या लेन्सचा निकाल तिच्यासमोर लावायचं ठरलं.

वुब्बो हा आमचा सगळ्यात जुना सभासद. आयुष्यभर त्याने कालव्यावरचा पूल उघडायचं आणि मिटायचं काम केलं. दोन बोटींच्या मधल्या वेळात बगळ्यांचे फोटो काढायला शिकला. कॅमेरा फिल्मचा, लेन्स त्याहून जुनी, आणि फोकस हाताने. आपोआप फोकस म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असं तो माझ्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचा. मी त्याला म्हणायचे, "तुझा बगळा म्हातारा असतो म्हणून तुझी वाट बघत थांबतो." पण त्याच्या एका फोटोत बगळ्याच्या चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंब दिसतो, आणि त्या थेंबात उलटा पूल. तो फोटो पाहूनच मी क्लबात आले, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. डोक्यावर बसला असता.

आमच्याकडे एक रीत आहे, तिला आम्ही मुकी फेरी म्हणतो. फोटो बोर्डावर लागतो, नाव नसतं. सगळ्यांनी बोलायचं, ज्याचा फोटो त्याने गप्प बसायचं. सगळ्यांचं बोलून झालं की त्याने फक्त कॅमेरा आणि लेन्स सांगायची, बाकी एक शब्द नाही. आमची अध्यक्ष फ्रौके या बाबतीत फार कडक आहे. कुणी जास्त बोललं तर ती बिस्किटांचा डबा मिटते. आधीच कॉफीबरोबर एकच बिस्कीट मिळतं, त्यामुळे सगळे नियम पाळतात.

शरद ऋतूत वुब्बोचे फोटो मऊ पडायला लागले, रेघांची धार गेली. नाव नसलं तरी त्याचा फोटो सगळ्यांना ओळखू येतो. सुरुवातीला लोक सांभाळून बोलले. हवेत धुकं असेल, मुद्दाम केलं असेल, छान हळवं वाटतंय. वुब्बोला हळवं वाटलेलं अजिबात खपत नाही. त्याने लेन्स दुरुस्तीला दिली. ती 'काहीही दोष नाही' म्हणून परत आली. त्याने दुसऱ्या दुकानात दिली. तिथूनही तेच. मग मेन्नोकडून तसलीच दुसरी लेन्स उसनी घेतली. फोटो तितकेच मऊ.

मेन्नोबद्दल सांगायला हवं. तो दातांचा डॉक्टर होता, आता लेन्स जमवतो. फोटो वर्षाला चार काढतो, पण कुठल्या लेन्समध्ये किती काचा आहेत ते झोपेतून उठवून विचारा. वुब्बोच्या लेन्सबद्दल त्याचा निकाल ठाम होता. आतली एक काच सरकली आहे, आणि त्याने स्वतः उसनी दिलेली लेन्सही बहुतेक त्याच घाण्यातली. स्वतःच्याच लेन्सला नावं ठेवून वुब्बोची बाजू सावरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मार्चमधल्या बैठकीत बोर्डावर लटकती स्वयंपाकघरं लागली. आमच्या कालव्यावर जुन्या घरांची स्वयंपाकघरं पाण्यावर पुढे आलेली आहेत, त्यांचा फोटो काढला नाही असा माणूस गावात नाही. हाही फोटो मऊ. बोलणी सुरू झाली. काच सरकली, बुरशी लागली, आरसा हलला, कॅमेऱ्याचं तोंड झिजलं. फोटोत एक बाई खिडकीतून पाण्यात भांडं उपडं करत होती, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

बोलणी संपल्यावर वुब्बोने कॅमेऱ्याचं नाव सांगितलं नाही. तो उठून उभा राहिला. "लेन्स खराब आहे म्हणता ना सगळे? सिद्ध करा. नसली खराब, तर मी खराब आहे. मग मी कॅमेरा कपाटात ठेवतो आणि इथे यायचं बंद करतो. कीव केलेली मला चालत नाही."

फ्रौकेने बिस्किटांचा डबा मिटला नाही. अन्नेखिन, त्याची बायको, गेल्यापासून त्याचा आठवडा या एका संध्याकाळवर टांगलेला आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तो रागाने बोलला असता तर मी भांडले असते. तो रागाने बोलला नव्हता.

घरी जाताना सायकलींपाशी मी त्याला गाठलं आणि विचारलं, की नेमकं होतं तरी काय. तो म्हणाला, कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावून लेन्समधून बघितलं की खिडकीची चौकट मधेच वाकते. पाण्यात काठी बुडवल्यासारखी. मी मान डोलावली आणि सायकलवर बसले, आणि पुलापर्यंत पोचता पोचता माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. चौकट वाकडी दिसते, पण फोटोत ती सरळ होती. मऊ होती, पण सरळ. लेन्स वाकवत असेल तर फोटोतही वाकवायला हवी. काच काही आपल्याला एक आणि फिल्मला दुसरं असं दाखवत नाही.

मी दुधाच्या कारखान्यात तपासणीचं काम करते. दूध नासलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. टाकी, नळी, गवळी, हवामान. मी एका वेळी एकच गोष्ट बदलते आणि बघत राहते. असं करणारी माणसं कुणालाच आवडत नाहीत, पण दूध कुठे नासलं ते सापडतं. मी मेन्नोला फोन केला आणि शनिवारी सकाळी दोघांनाही भिंतीपाशी बोलावलं.

थंडी होती, पण उजेड छान सपाट होता. मेन्नो तीन कॅमेरे आणि थर्मासभर वाटाण्याचं दाट सूप घेऊन आला होता. वुब्बो खिशात हात घालून उभा, निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखा. मी आधी त्याची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावून भिंतीचा फोटो काढला. मागच्या पडद्यावर मोठा करून बघितला. कोपऱ्यातल्या विटेवरचे वाळूचे कणसुद्धा मोजता आले असते.

"लेन्स उत्तम आहे," मी म्हणाले.

मेन्नोचा चेहरा पडला. वुब्बोचा त्याहून जास्त. मी घाईने म्हटलं, की अजून कॅमेरा राहिलाय. मग वुब्बोच्या कॅमेऱ्यातून मी पाहिलं. भिंत सरळ. मेन्नोने पाहिलं. सरळ. वुब्बोने पाहिलं, आणि म्हणाला की मधली रांग फुगलीये, नवी बांधून काय उपयोग. मेन्नोने मान खाली घातली. मग मी मेन्नोचा सगळ्यात नवा, सगळ्यात महागडा कॅमेरा वुब्बोच्या हातात दिला. त्याने तो डोळ्याला लावला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"यातही फुगलीये," तो म्हणाला. "मेन्नो, तुला दुकानदाराने फसवलं."

मी हसले. खरं तर मला आपण काहीतरी शोधून काढतोय याचा आनंद होत होता, हे सांगितलंच पाहिजे. लेन्स बदलली, कॅमेरा बदलला, आता उरलं काय, एवढाच प्रश्न डोक्यात होता. वुब्बोला त्याचाच कॅमेरा परत देऊन मी भिंतीपाशी गेले आणि ओरडून विचारलं, की कुठली वीट फुगलीये ते सांग.

"मधली. वर घे. अजून वर. हां, तिथेच कुठेतरी."

मी विटेवर बोट टेकलं. "ही?"

वुब्बोने कॅमेरा खाली घेतला, पुन्हा डोळ्याला लावला. "बोट कुठेय?"

"हे काय."

"हात दिसतोय तुझा. बोट नाही दिसत."

माझी मावशी हिल्ये सांगायची, की दाराची चौकट वाकडी झाली आहे. गावात सगळ्यांचीच होते, म्हणून आम्ही सुतार बोलावला. त्याने दार रंधून दिलं. मावशी म्हणाली, अजून वाकडीच आहे. सुतार पुन्हा आला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आम्ही गेलो तेव्हा तिच्या एका डोळ्यात मधोमध काळा डाग उरला होता, आणि डॉक्टर एवढंच म्हणाला, की लवकर यायला हवं होतं.

हे सगळं मला बोट विटेवर असतानाच आठवलं. पण मी चेहरा अगदी साधा ठेवला, निदान मला तसं वाटलं. वुब्बोला घाबरवायचं नव्हतं. आवाज नेहमीसारखा कुरकुरा ठेवून म्हणाले, "आता डाव्या डोळ्याने बघ."

"डाव्याने कोण बघतं? नाक मधे येतं."

"एवढं मोठं नाक आणलंस कशाला? बघ म्हणते ना."

त्याने कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. पुलावर काम करायला लागल्यापासून त्याने तसं कधी केलं नसावं. कोपर वेडंवाकडं झालं, टोपी मागे सरकली. बोटांनी लेन्सचं कडं हळूहळू फिरवलं. मग खट्ट आवाज झाला. फिल्म वाया घालवणारा तो माणूस नव्हे, पण त्या क्षणी माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

"सरळ आहे," वुब्बो म्हणाला. "बोटही आहे."

मेन्नो सुपाचं झाकण उघडत होता, तो तसाच थांबला. दातांचा का होईना, डॉक्टरच तो. त्याने थर्मास पिशवीत टाकला आणि गाडीच्या किल्ल्या काढल्या.

एक डोळा मिटून जगाकडे बघायची सवय फोटोग्राफरलाच असते. दोन्ही उघडे असताना वुब्बोचा डावा डोळा उजव्याचं सगळं झाकून नेत होता. वाचताना, सायकल चालवताना, सूप वाढताना काही कळायचं नाही. फक्त कॅमेरा लावला की चोरी उघड व्हायची आणि हाताने लावलेला फोकस चुकायचा. आणि आम्ही सगळे शहाणे त्याच्या समोरच्या काचेकडे बघत बसलो, मागच्या काचेकडे, त्याच्या डोळ्याकडे, कुणी पाहिलंच नाही. दुरुस्तीवाले दोन झाले, उसनी लेन्स झाली, अख्खा हिवाळा वादात गेला. मला आमचा इतका राग आला की सोमवारी मी कारखान्यात एका टाकीवर उगाच ओरडले.

उजव्या डोळ्याच्या आतला पडदा मधोमध बिघडत होता, म्हणून ग्रोनिंगेन शहराच्या इस्पितळात त्याच शनिवारी त्या डोळ्यात औषधाची सुई घातली. त्यानंतर दर महिन्याला. उजव्या डोळ्यातलं जे गेलं ते गेलं, पण पुढचं थांबलं, आणि डाव्यावर आता नजर आहे. रोज सकाळी वुब्बो स्वयंपाकघरातल्या फरश्यांच्या रेघा सरळ आहेत का ते एकेका डोळ्याने तपासतो. मेन्नो त्याला दर वेळी गाडीतून नेतो आणि जाता-येता लेन्सवर व्याख्यान देतो. सुई बरी, असं वुब्बोचं म्हणणं आहे.

जूनमध्ये तो पुन्हा बैठकीला आला. मधल्या काळात आम्ही त्याच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नव्हतं. त्याने फ्रौकेच्या हातात एक लिफाफा दिला आणि आपल्या जागी जाऊन बसला. मुकी फेरी सुरू झाली.

बोर्डावर भिंत होती. विटा, सांधे, आणि भिंतीपाशी विटेवर बोट टेकून वळून बघणारी मी. पहिला बोलला अर्थात मेन्नो, त्या शनिवारी आपण तिथेच होतो हे साफ विसरून. कडेपर्यंत किती धार आहे बघा, एक रेघ वाकलेली नाही, ही कुठली नवी लेन्स? मग बाकीचेही सुरू झाले. जर्मन असेल, जपानी असेल, मधे कुणीतरी काचांची संख्या सांगितली. मला तो फोटो बघवत नव्हता.

"विटा सोडा रे," फ्रौके म्हणाली. "हिचा चेहरा बघा."

एकेक करून सगळे बोर्डाजवळ सरकले. मला वाटलं होतं की मी त्या दिवशी चेहरा अगदी साधा ठेवला होता. फोटोत माझे डोळे विस्फारलेले होते, ओठ घट्ट मिटलेले, आणि एका पापणीवर अडकलेलं पाणीसुद्धा स्पष्ट दिसत होतं. बगळ्याच्या चोचीवरच्या थेंबाइतकं स्पष्ट.

फ्रौकेने वुब्बोला खूण केली, की आता कॅमेरा आणि लेन्स सांग.

"कॅमेरा तोच," वुब्बो म्हणाला. "लेन्स तीच, तुम्ही खराब ठरवलेली. डोळा डावा." इथे त्याने थांबायला हवं होतं, पण तो थांबला नाही. "भिंत सरळ दिसली तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. मग फोकस जरा मागे-पुढे केला आणि ही दिसली. मला काहीतरी मोठं झालंय हे डॉक्टरने नंतर सांगितलं. मला ते हिच्या तोंडावर आधीच दिसलं होतं."

नियम मोडला होता. फ्रौकेने डबा उचलला, थोडा वेळ हातात धरला, आणि उघडा करून वुब्बोपुढे ठेवला. त्याने दोन बिस्किटं घेतली.